कोण जागं आहे?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून, किरकोळ दुरुस्त्या करून.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. सचिवसाहेबांनी समोर घड्याळ ठेवलंय आणि पातेल्याखालचा गॅसही बारीक केलाय, म्हणजे दूध आटायच्या आत मी संपवायचं आहे. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला वेळेत काउंटर बंद करायची सवय असते, तेव्हा काळजी नसावी.

विषय दिलाय तो असा : आपल्या भागातल्या लायन्स क्लबचे येत्या वर्षातले उपक्रम, आणि क्लबमधल्या आपल्या सोसायटीतल्या सभासदांचा गौरव. मी या क्लबात बरीच वर्षं आहे, दोनदा सचिव होतो. तेव्हा आधी उपक्रम सांगतो, मग गौरवाकडे येतो. गौरवाच्या बाबतीत मला थोडं वेगळं बोलायचं आहे.

लायन्स म्हणजे काय, हे मुलांसाठी दोन वाक्यांत. अमेरिकेत शिकागो शहरात मेल्विन जोन्स नावाचे एक विमा व्यावसायिक होते. व्यापारी मंडळी एकत्र जमून एकमेकांचा धंदा वाढवतात, तर तीच मंडळी आपल्या गावाचं भलं का करू शकणार नाहीत, असं त्यांना वाटलं, आणि १९१७ साली ही संघटना उभी राहिली. पुढे १९२५ मध्ये हेलन केलर, ज्यांना दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, त्या ओहायोतल्या लायन्सच्या अधिवेशनात आल्या आणि अंधांसाठी काम करा, असं आवाहन करून गेल्या. तेव्हापासून डोळे हा लायन्सचा घरचा विषय झाला. रस्त्यावर अंध व्यक्तीच्या हातात जी पांढरी काठी दिसते, तिच्या प्रसारामागेही लायन्सचा मोठा वाटा आहे. याच ऑक्टोबर महिन्यात १५ तारखेला पांढरी काठी दिन असतो.

आमच्या सभेत घंटा असते, हातोडा असतो, आणि 'टेल ट्विस्टर' नावाचा एक पदाधिकारी असतो. त्याचं काम काय, तर कोण उशिरा आलं, कोणाचा बिल्ला राहिला, कोणाचा मोबाइल वाजला, हे पाहून दंड वसूल करायचा. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला असा एक माणूस नेमला तर सिंकिंग फंडाची चिंता मिटेल, असं माझं नम्र मत आहे.

असो. आता उपक्रम.

पहिला, दिवाळीचा. आपल्या परिसरातले सफाई कामगार, कचरा गाडीवरची माणसं आणि आसपासच्या सोसायट्यांतले वॉचमन यांच्या घरी फराळाचा डबा. फराळ विकतचा नको, घरचा हवा, आणि दिवाळी संपल्यावर उरलेला नको, दिवाळीआधीचा हवा. ज्या दिवशी तुमच्या घरी चकली होईल त्याच दिवशी चार चकल्या बाजूला काढा. बाकी वाहतूक आमच्याकडे.

दुसरा, नोव्हेंबरचा. १४ नोव्हेंबर आपल्याला बालदिन म्हणून माहीत आहे. त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही असतो, कारण इन्सुलिनचा शोध लावणाऱ्या संशोधकांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. त्याच्या जवळच्या रविवारी सकाळी ७ वाजता खाली हॉलमध्ये उपाशीपोटी रक्तातली साखर तपासली जाईल. रात्री जेवल्यानंतर आठ तास काहीही नाही. काहीही नाही म्हणजे चहासुद्धा नाही. मागच्या खेपेला एक काका 'फक्त अर्धा कप' घेऊन आले होते, आणि आकडा पाहून मशीन बिघडलंय म्हणाले. उपाशीपोटीचा आकडा १०० च्या आत असेल तर उत्तम. १०० ते १२५ असेल तर सावध व्हायची वेळ आली. १२६ किंवा जास्त आला तर डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा तपासून घ्यायचं. आणि ज्यांना मधुमेह आहेच, त्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, दिसायला काही त्रास नसला तरी. त्रास जाणवतो तेव्हा बरंच नुकसान झालेलं असतं.

तिसरा, जानेवारीत. मुरबाड तालुक्यात मोतीबिंदूचं शिबिर. जानेवारी मुद्दाम धरला आहे, कारण तोवर भातकापणी आणि झोडणी आटोपलेली असते. त्याआधी बोलावलं तर म्हातारी माणसंसुद्धा शेत सोडून येत नाहीत. तिथे डॉक्टर असतातच. कमी पडतात ती साधी माणसं : नाव-गाव लिहून घेणारी, रांगेतल्या आजीचा हात धरणारी, ऑपरेशननंतर गाडीने घरी सोडणारी, आणि पुढच्या तपासणीला 'अहो बाबा, चला' म्हणून परत आणणारी. बी विंगमधल्या आपल्या निवृत्त शिक्षिका बाई इतकी वर्षं हे कार्ड लिहायचं काम करतात. त्यांचं अक्षर इतकं सुंदर, की डॉक्टरांच्या अक्षराशेजारी ते ठेवलं की कागदाला लाज वाटावी. कॉलेजच्या मुलांनो, एक शनिवार-रविवार द्या. इंटरनेटची रेंज नसते, पण आकाशात तारे दिसतात.

चौथा, मे महिन्यात. रक्तदान. दरवर्षी मला विचारतात, काका, मे महिन्याच्या उकाड्यात कशाला? २६ जानेवारीला घ्या ना. मंडळी, २६ जानेवारीला सगळेच घेतात. पण रक्त हे लोणचं नाही, बरणीत घालून वर्षभर पुरवायला. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. जानेवारीत दिलेलं रक्त मे महिन्यात शिल्लक नसतं. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, निम्मं डोंबिवली गावाला. अपघात, बाळंतपणं आणि थॅलेसेमियाची मुलं मात्र सुट्टीवर जात नाहीत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, एवढं असलं की बाकीचं डॉक्टर तपासून ठरवतात. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. आपल्या मुख्य गेटवरचे वॉचमनदादा न सांगता येतात. आपण मात्र लिफ्टमधली नोटीस वाचून 'अरे वा' म्हणतो आणि तिसऱ्या मजल्यावर उतरतो.

जूनमध्ये वह्या-पुस्तकं, ३० जूनला क्लबचं वर्ष संपतं, जुलैत नव्या पदाधिकाऱ्यांचा पदग्रहण समारंभ, आणि त्याच समारंभात गौरव.

तर आता गौरवाबद्दल.

आमच्याकडे गौरवाची पद्धत पक्की आहे. दहा वर्षं सभासद राहिलात की शेवरॉन मिळतं, मग पुढे दर पाच वर्षांनी. लायन्सच्या आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठानाला कोणी एक हजार डॉलर दिले, किंवा कोणाच्या नावाने दिले, तर 'मेल्विन जोन्स फेलो' असा मान मिळतो. शिवाय प्रांतपालांकडून पदकं, सन्मानपत्रं. याला मी नावं ठेवत नाही. पाठीवर थाप पडली की माणूस आणखी चार पावलं चालतो. आपल्या सोसायटीतल्या दोन सभासदांना येत्या जुलैत शेवरॉन मिळणार आहे. त्या दोघांसाठी आधी टाळ्या होऊन जाऊ देत.

(टाळ्या)

धन्यवाद. मलाही एक पदक मिळालंय. त्याची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आमच्या सौ.ना ठाऊक आहे, आणि आणखी एका व्यक्तीला.

आठ वर्षांपूर्वी मी क्लबचा सचिव होतो. त्या वर्षी नेत्रदानाच्या प्रसाराचं काम माझ्याकडे होतं. शाळा, गणेश मंडळं, महिला मंडळं, सगळीकडे मी भाषणं दिली. आपल्या हॉलमध्येही टेबल टाकून फॉर्म भरून घेतले. पहिला फॉर्म आमच्या आप्पांनी भरला. म्हणाले, "पोराचं दुकान आहे, बोहनी मीच करतो."

त्याच वर्षी मे महिन्यात रात्री साडेअकराला आप्पा गेले. घरातच, झोपेत. डॉक्टर येऊन गेले, दाखला लिहून दिला. भाऊ कोल्हापूरहून गाडीने निघाला, पोहोचायला सकाळ होणार होती. घरात नातेवाईक जमले. एक आत्या म्हणाली, "आता त्यांना कोणी हात लावू नका, धाकटा येऊन बघू दे." मी गप्प बसलो.

पाणी आणायला बाहेर आलो, तेव्हा जिन्यात तळमजल्यावरच्या ताई उभ्या होत्या. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. ब्लाउज शिवतात, लग्नसराईत त्यांच्या खिडकीतला दिवा रात्री दीड-दोनपर्यंत चालू असतो. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, आप्पांनी फॉर्म भरला होता ना?" मी म्हणालो, "हो. सकाळी बघू." त्या काही बोलल्या नाहीत.

सगळीकडे मीच सांगत होतो, सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. हे सगळं तोंडपाठ असलेला माणूस, आणि आमच्या घरात रात्रभर आप्पांच्या डोक्यावर पंखा पाचवर फिरत होता.

सकाळी साडेसातला भाऊ आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "दादा, डोळ्यांचं झालं का?" ज्याच्यासाठी थांबलो त्याची हरकत नव्हतीच. मी नेत्रपेढीला फोन लावला. पलीकडच्या मुलाने विचारलं, "किती वाजता गेले?" मी सांगितलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "काका, रात्रीच फोन करायचा ना. आम्ही रात्रीही येतो."

जुलैत पदग्रहण समारंभ झाला. मला 'उत्कृष्ट सचिव' म्हणून पदक मिळालं. नेत्रदानाच्या प्रसाराचा मानपत्रात खास उल्लेख होता. मी ते घेतलं. फोटोत मी हसतोय. ते पदक घरी कपाटात आहे, एलआयसीच्या कागदांच्या खणात, आणि त्याच खणात आप्पांचं नेत्रदानाचं कार्ड आहे. त्या दोन्ही वस्तू मी वेगळ्या केलेल्या नाहीत.

हे सगळं आज सांगण्याचं कारण पुढे आहे. त्यानंतर साधारण वर्षभराने सी विंगमधले एक आजोबा गेले. पुन्हा रात्रीच, दीडच्या सुमारास. मदतीला कोण जागं आहे म्हणून त्यांची सून खाली आली, तर दिवा एकाच खिडकीत होता. ताई मशीन बंद करून तशाच वर गेल्या. यावेळी त्या मुलाच्या 'सकाळी बघू'ची वाट पाहत बसल्या नाहीत. आधी पंखा बंद केला. मग आजींजवळ जाऊन बसल्या, हात हातात घेतला, आणि थोड्या वेळाने विचारलं, "आजी, बाबांचे डोळे द्यायचे का? दोघांना दिसेल." आजी म्हणाल्या, "विचार मुलांना." ताईंनी मुलांना विचारलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि होकार दिला. पहाटे चारला नेत्रपेढीची माणसं आली, वीसेक मिनिटांत काम करून गेली. चेहरा होता तसाच होता.

तिथपासून आजवर आपल्या सोसायटीतून पाच जणांचं नेत्रदान झालं. पाचही वेळा ताईच पुढे होत्या. त्या लायन नाहीत. क्लबची वर्गणी आणि सभांचा वेळ त्यांना परवडणारा नाही. मी एकदाही त्यांना भाषण करताना ऐकलेलं नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात क्लबने आणि सोसायटीने मिळून ताईंचा सत्कार करायचा, असा विचार मी मांडला. सगळ्यांना पटला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, सगळं ठरलं. मी त्यांना सांगायला गेलो. त्या काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, मरणाच्या घरी गेले म्हणून शाल कशी घेऊ? ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना समोर बसवून?" मी गप्प. मग त्यांनी सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा एक करा. मी मे महिन्यात गावी जाते. माझ्या पाठीमागे फोन कोण करणार, ते ठरवा."

मंडळी, इतक्या वर्षांच्या कारभारात हा प्रश्न आमच्या एकाही सभेच्या विषयपत्रिकेवर आला नव्हता. गौरव कोणाचा करायचा, यावर आम्ही दोन-दोन तास घालवले आहेत. तो माणूस नसेल तेव्हा त्याचं काम कोण करणार, यावर दोन मिनिटंही नाहीत.

तर येत्या वर्षाचा शेवटचा उपक्रम हा आहे, आणि तो मी तुमच्याकडे मागायला उभा आहे. प्रत्येक विंगमधून दोन माणसं हवी आहेत. तीन विंग, सहा माणसं. त्यांची नावं आणि फोन नंबर, शेजारी नेत्रपेढीचा नंबर, असा कागद लिफ्टजवळच्या फलकावर कायम राहील. त्यांनी करायचं काय, ते पाठ करण्याइतकं सोपं आहे. बातमी कळली की जायचं. पंखा बंद करायचा, एसी असेल तर चालू ठेवायचा. पापण्या मिटवून ओला कापूस, डोक्याखाली उशी. डॉक्टरांचा दाखला तयार आहे का, ते पाहायचं. आणि घरच्यांना एकदा विचारायचं. एकदाच. नाही म्हणाले तर नमस्कार करून, दुसरं काय काम आहे ते करायला लागायचं. हो म्हणाले तर नेत्रपेढीला फोन. त्यांची माणसं घरी येतात, पैसे लागत नाहीत. जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती लागते, म्हणून फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांना ते माहीत हवं. आणि फॉर्म भरलेला नसला तरी घरचे हो म्हणाले तर नेत्रदान होतं.

शंका नेहमीच्याच असतात, म्हणून त्यांची उत्तरंही देऊन ठेवतो. चष्मा होता, चालतं. मधुमेह, रक्तदाब होता, चालतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी चालतं, कारण मोतीबिंदू आतल्या भिंगाला होतो आणि नेत्रदानातून उपयोगी पडतं ते पारपटल, म्हणजे बुबुळावरची काचेसारखी पारदर्शक चकती. वयाची अट नाही. एड्स, काविळीचे बी आणि सी प्रकार, रेबीज, रक्तातला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग, अशा काही आजारांत मात्र घेत नाहीत. ते नेत्रपेढीवाले पाहतात, आपण ठरवायचं नाही. पुढच्या जन्मी आंधळे होऊ, असं आमची आत्या म्हणायची. तिला मी काय उत्तर देणार? एवढंच म्हणेन, की भाताचं पातं लागून बुबुळ पांढरं पडलेला मुरबाडचा शेतकरी याच जन्मात चाचपडतोय. मोतीबिंदूवाल्याला कारखान्यात तयार झालेलं भिंग बसवता येतं. याला बहुतेक वेळा माणसाचंच पारपटल लागतं. पहिलं यशस्वी पारपटल रोपण १९०५ साली झालं. म्हणजे शास्त्र सव्वाशे वर्षांचं होत आलंय, अडतं ते आपल्या 'सकाळी बघू'पाशी.

आणि गौरव? तो करूच. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो. येत्या पंधरवड्यात त्या पाचही कुटुंबांच्या घरी जाऊन आम्ही सन्मानपत्र देऊ. व्यासपीठ नाही, माईक नाही, फोटो त्यांना हवा असेल तरच. ही सूचनाही ताईंचीच. मी आज त्यांच्याबद्दल बोललो ते त्यांची परवानगी घेऊन. नाव घ्यायचं नाही या अटीवर त्यांनी ती दिली, आणि आता त्या खाली गेल्यात, कारण उद्या सकाळी एका नवरीचे ब्लाउज द्यायचे आहेत.

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी विचारत फिरते, कोण जागं आहे? गेली सात वर्षं आपल्या सोसायटीत या प्रश्नाला एकाच खिडकीतून उत्तर मिळत होतं. पंचविसाव्या वर्षी निदान सात खिडक्यांतून मिळावं, एवढीच माझी मागणी आहे.

दुधाच्या पातेल्याशेजारी एक वही ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलंय, बँकेतल्यासारखं. सहापैकी एक नाव मी लिहून ठेवलंय, माझंच. आप्पांच्या वेळी फोन केला नाही, आता दुसऱ्यांच्या आप्पांसाठी करीन. उरली पाच. दूध घ्यायला तुम्ही तिकडे जाणारच आहात.

पंधरा मिनिटांची सोळा झाली, त्याचा दंड टेल ट्विस्टरने माझ्या नावे लिहावा. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा.



(ता. क. : ही स्मरणिका छापायला जाताना वहीत नऊ नावं झाली आहेत. त्यातली दोन अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची आहेत. फलक लिफ्टजवळ लागला आहे, कृपया एकदा थांबून वाचावा.)